थंबअराउंड करताना पेन दर वेळी पडतो? मग तो कुठे पडतोय ते आधी बघा

पेन फिरवायला शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाचं रडगाणं एकच असतं, की दोन आठवडे झाले, रोज करतोय, व्हिडिओ बघून बघून पाठ झालाय, तरी पेन अंगठ्यावरून जातो आणि पडतो, मध्येच एकदा जमतं, वाटतं आता आलं, आणि लगेच पुढच्या वीस वेळा परत खाली. माझंही महिनाभर हेच चाललं होतं. पेन पडला की उचलायचा आणि परत फिरवायचा, परत पडला की परत उचलायचा, आणि दर वेळी जरा जास्त जोर लावायचा कारण वाटायचं की जोर कमी पडतोय. त्या महिन्यात मी एक गोष्ट एकदाही केली नाही, ती म्हणजे पेन कुठे पडतोय ते बघणं. आणि खरं निदान तिथेच असतं. पेन समोर उडाला, मनगटाकडे घसरला, जागच्या जागी टपकन पडला की बोटांना लागून निसटला, ह्या चारही वेगवेगळ्या चुका आहेत आणि चारींचा उपाय वेगळा आहे. "अजून प्रॅक्टिस कर" हा सल्ला चुकीचा नाही, पण चूक माहीत नसताना प्रॅक्टिस केली की हात ती चूकच घोटत बसतो, आणि घोटलेली चूक सोडवायला नवीन शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मी स्वतः भोगलंय.

ज्यांना नावं नवीन असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुरुवातीच्या चार ट्रिक्स मूळ मानतात, थंबअराउंड, फिंगरपास, चार्ज आणि सॉनिक. थंबअराउंड म्हणजे मधल्या बोटाने पेनला ढकलायचं, तो अंगठ्याच्या पाठीवरून, म्हणजे नखाच्या बाजूने, पूर्ण एक फेरी मारून परत बोटांत येतो. वर्गात मागच्या बाकावर कुणीतरी करत असतो ना, तीच. जपानीत ह्या सगळ्या प्रकाराला 'पेन मावाशी' म्हणतात, म्हणजे शब्दशः पेन फिरवणंच. बहुतेक लोक थंबअराउंडपासूनच सुरू करतात कारण ती दिसायला सोपी आहे, आणि बहुतेक लोक अडकतात ते पण तिथेच, म्हणून आज मुख्य बोलणं तिच्यावरच.

आधी पेनचं बघू, कारण निम्मा त्रास तिथूनच येतो. माझी पुतणी आठवीत आहे, ती मागे सुट्टीत माझ्याकडे होती तेव्हा मला म्हणाली, "काका, हा पेनच खराब आहे." मी म्हटलं पेनला नाव ठेवू नकोस, हात बघू तुझा. मग तिचा पेन हातात घेतला तर तो खटका दाबून उघडायचा आखूड पेन होता, एका बाजूला खटका, क्लिप, स्प्रिंग आणि वरचा जाड भाग, सगळं वजन त्या एका टोकाला. तर्जनी आडवी धरून त्यावर पेन तोलून बघितला तर तो मधोमध तोललाच जाईना, चांगला दोन सेंटीमीटर एका बाजूला सरकवावा लागला. म्हणजे पोरीचं बरोबर होतं. ती बिचारी पेन मधोमध धरत होती, जसं व्हिडिओत दाखवतात तसं, पण तिच्या पेनचा मध्य आणि तोल ह्या दोन वेगळ्या जागा होत्या.

हे का महत्त्वाचं ते नीट सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. कुठलीही वस्तू हातातून सुटली की ती स्वतःच्या तोलाच्या जागेभोवतीच फिरते. पेन अंगठ्यावर टेकलाय पण अंगठ्याने त्याला धरलेलं नाही, अंगठा त्याला फक्त बाहेर ढकलू शकतो, आत ओढून धरू शकत नाही. आता तोलाची जागा अंगठ्यापासून लांब असेल तर ती जागा अंगठ्याभोवती गोल फिरायला बघते, आणि गोल फिरणाऱ्या गोष्टीला आत ओढणारं काहीतरी लागतं (दोरीला दगड बांधून फिरवला तर दोरी ओढते तसं), इथे तशी दोरीच नाहीये, त्यामुळे पेन सरळ निघून जातो. तोलाची जागा अंगठ्याजवळ असली की जाण्यासारखं काही उरतच नाही, पेन तिथल्या तिथे फिरतो. म्हणून पहिलं काम, पेन बोटावर तोला आणि तोल मिळेल तिथे चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा किंवा पेनाने रेघ मारा. बास. दोन मिनिटांचं काम आहे आणि शंभरातले नव्वद जण ते करत नाहीत.

लांबीचं पण बघा. लहान पेन्सिल फिरवायला सोपी असेल असं वाटतं कारण हलकी असते, पण ती सगळ्यात अवघड. गणित सोपं आहे, सगळीकडे सारखी जाड दांडी असेल तर तिला फिरवायला जो नेट लागतो तो वजनावर आणि लांबीच्या वर्गावर ठरतो. १८ सेंटीमीटरची नवी पेन्सिल झिजून ९ ची झाली की वजन निम्मं आणि लांबीचा वर्ग पाव, म्हणजे एकूण आठवा हिस्सा. त्यामुळे तुम्ही बोटाने तेवढाच धक्का दिला तरी ती गरकन फिरून जाते, तुमच्या बोटांना बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. लांब आणि दोन्ही टोकांना वजन असलेला पेन सावकाश फिरतो आणि एकदा फिरायला लागला की मध्येच थांबत नाही. जे लोक सिरियसली करतात ते म्हणूनच खास पेन बनवून घेतात, लांबी २० सेंटीमीटरच्या आसपास किंवा थोडी जास्त आणि दोन्ही बाजूंना सारखीच टोपणं, त्याला मॉड म्हणतात. तेवढंच वजन पूर्ण दांडीवर पसरलेलं असण्याऐवजी दोन टोकांना ठेवलं तर फिरण्याचा नेट तिप्पट होतो, एवढा फरक पडतो. तुम्हाला लगेच मॉड बनवायची गरज नाही, पण एक करा, क्लिपवालं टोपण काढून टाका, क्लिप दर फेरीला बोटाला अडते, आणि हलक्या टोकाला चिकटपट्टीचे आठ-दहा वेढे मारून तोल मधोमध आणा. किंवा सरळ नवी पेन्सिल घ्या, टोक न काढलेली. टोक काढलेली घेऊ नका, मी कळकळीने सांगतोय, पेन उडतो तेव्हा तो कुठे जाईल हे तुमच्या हातात नसतं आणि बहुतेक वेळा तुमचं तोंड हाताच्या जवळ असतं कारण तुम्ही वाकून बघत असता. शेजारी कुणी बसलेलं असेल तर अजूनच वाईट.

आता मुख्य भाग, पडणं.

पेन समोर उडतोय, म्हणजे तुमच्यापासून लांब, टेबलाच्या पलीकडे वगैरे. पहिलं कारण वर सांगितलं, तोलाची जागा अंगठ्यापासून लांब. रेघ मारून पण उडत असेल तर मधलं बोट कुठे टेकवलंय ते बघा. नवशिक्या माणूस पेन चिमटीत धरतो, म्हणजे अंगठ्याच्या बरोबर समोर मधलं बोट, आणि मग तिथूनच ढकलतो. बरोबर समोरून ढकललं तर पेन फिरणार कसा, तो नुसता ढकलला जाणार ना, दाराला बिजागरीजवळ ढकलून बघा दार हलत नाही तसंच. मधलं बोट अंगठ्यापासून बोटभर बाजूला न्या, तिथून हलकं ढकला, फिरणं वाढतं आणि उडणं कमी होतं. आणि जोर कमी करा, खरंच कमी करा. एक पूर्ण फेरी व्हायला जेवढा जोर लागतो तो तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा पण नाही. मधल्या बोटाने टिचकी मारायची नाहीये, बोट आत मिटायचंय, मूठ वळायला सुरुवात करताना बोट जसं आत येतं तसं, आणि आत आल्यावर तिथेच राहायचं. टिचकी बाहेर जाते, ही हालचाल आत येते. हा फरक मला कुणी सांगितला असता तर माझे तीन आठवडे वाचले असते.

पेन अंगठ्याच्या बुंध्याकडे घसरतो आणि मनगटावर किंवा बेचक्यात येऊन पडतो. हा उपाय सगळ्यात सोपा. तुमच्या अंगठ्याचं टोक खूप वर आहे. पेन अंगठ्याभोवती फिरतोय म्हणजे अंगठा हा आस झाला, आस तिरका असेल तर फिरणारी वस्तू उताराकडेच जाणार. अंगठा जरा आडवा करा. उलट पेन नखावरून पुढे सटकून पडत असेल तर अंगठा खाली झुकलाय, जरा उचला. ह्यात अजून एक भानगड असते, काही जण ढकलताना अंगठा पण उडवतात, म्हणजे पेनला वर फेकायला बघतात. अंगठ्याला काहीच करायचं नसतं. तो खांब आहे, त्याने उभं राहायचं. अंगठा हलत असेल तर दुसऱ्या हाताने तो धरून ठेवा आणि दहा-वीस वेळा नुसतं मधल्या बोटाने ढकला, पकडायचं नाही, पडू द्या, पेन अंगठ्यावरून गेला की झालं.

पेन अर्धी फेरी मारतो आणि टक् आवाज होऊन जागच्या जागी पडतो. हीच माझी चूक होती आणि ही सगळ्यात जास्त जणांची असते. मला तो टक् आवाज ऐकू यायचा पण मी त्याकडे लक्षच द्यायचो नाही, मला वाटायचं की पेन अंगठ्यावर आपटल्याचा आहे. मग एकदा फोनवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचा पर्याय असतो, तो लावला की एक सेकंद आठ सेकंदांचा होऊन दिसतो. फोन पुस्तकाला टेकवून उभा केला, हात त्याच्यासमोर, आणि पाच-सहा वेळा पेन फिरवला. आणि मग बघितलं तर काय, मधलं बोट आत येतंय, पेन सुंदर वळतोय, अंगठ्याच्या पाठीवर चढतोय, आणि तिकडे माझी तर्जनी ताठ उभी आहे, अगदी फळ्याकडे बोट दाखवल्यासारखी, पेनचं टोक सावकाश येऊन तिच्या मधल्या पेरावर आदळतं, टक्, आणि पेन मान टाकल्यासारखा खाली. सहाच्या सहा वेळा तेच. मी महिनाभर माझ्याच बोटावर पेन आपटत होतो आणि वरून जोर वाढवत होतो, म्हणजे अजून जोरात आपटत होतो.

तर्जनीचं करायचं काय, तर तिला दोनच जागा आहेत. एक तर ती मधल्या बोटाबरोबर आत मिटवा, किंवा पूर्ण वर उचलून वाटेतून बाजूला घ्या. मला आत मिटवणं जमलं, काहींना उचलणं जमतं, हाताच्या ठेवणीवर आहे. पण ढकलल्यावर बाजूला करू म्हणाल तर उशीर होतो, पेन तोवर पोचलेला असतो. म्हणून सुरुवातीला तर्जनी पेनला लावूच नका. पेन फक्त अंगठा आणि मधलं बोट ह्यांच्यात धरा, तर्जनी आधीपासूनच बाजूला, आणि मग ढकला. दोन-तीन दिवस असं केलं की तर्जनीला बाजूला राहायची सवय लागते, मग हळूहळू तिला परत पेनवर टेकवता येतं. पुतणीला हेच करायला लावलं, आणि तिची नजर मी पेनवरून काढून तर्जनीवर ठेवायला सांगितली, कारण पेनकडे बघितलं की आपण सगळे पेन पकडायला धावतो. ती म्हणाली, "पण मग पेन दिसणारच नाही." मी म्हटलं नको दिसू दे, आवाज ऐक. टक् आला की बोट वाटेत, आवाज नाही आला की वाट मोकळी. पंधरा मिनिटं नुसतं तेवढंच केलं तिने, पेन दर वेळी पडत होता पण टक् बंद झाला होता, आणि एकदा टक् बंद झाला की समजायचं अवघड काम संपलं.

आवाज न येता फेरी अर्ध्यातच मरत असेल, म्हणजे पेन कुठे आपटत नाही पण थकल्यासारखा थांबतो, तर मग अंगठ्याची पकड घट्ट आहे. पेन सोडायच्या क्षणी पण तुम्ही तो दाबून धरलाय. किंवा अंगठा सांध्यात वाकलेला आहे आणि पेन त्या वाकलेल्या कोपऱ्यात अडतोय. अंगठा सरळ ठेवा, पेन नखाच्या मागे सांध्याच्या आसपास फिरू द्या. रबरी ग्रिपचा पेन असेल तर ती ग्रिप नेमकी अंगठ्यावर आली की ब्रेक लावल्यासारखं होतं, तेव्हा सुरुवातीला गुळगुळीत पेन बरा, पण एकदम काचेसारखा गुळगुळीत पण नको, तो पकडताना निसटतो.

आणि शेवटचं पडणं, फेरी पूर्ण होते, पेन बोटांना लागतो, आणि तरी निसटतो. हे ज्यांचं होतंय त्यांनी खूश व्हा, तुम्ही जवळ आलात. इथे चूक बहुतेक घाईची असते, पेन येतोय हे दिसलं की बोटं त्याला आणायला पुढे जातात, आणि मग त्याला पकडण्याऐवजी ढोसतात. बोटांनी पुढे जायचं नाही, आत मिटलेल्या जागीच थांबायचं, पेन फिरून स्वतः तिथे येतो, आला की अंगठा आणि तर्जनी मिटायची. एक गोष्ट लक्षात ठेवा, पेन सुरुवातीला जिथे धरला होता बरोब्बर तिथेच परत हातात येत नाही, तो अंगठ्याभोवती लोळत गेलेला असतो त्यामुळे लांबीत थोडा सरकलेला येतो. म्हणून सुरुवातीला पेन तोलाच्या रेघेपासून किंचित, अगदी एक सेंटीमीटरभर अलीकडे-पलीकडे धरून बघा, दोन्ही बाजू करून बघा, ज्या बाजूने धरल्यावर पकडताना रेघ बोटांजवळ येते ती तुमची बाजू. आणि सलग दोन-तीन फेऱ्या मारायला जाल तेव्हा हे सरकणं साठत जातं, तिसऱ्या फेरीला पेन एका टोकाला गेलेला असतो आणि उडतो, लोकांना वाटतं दम संपला, खरं तर पेन सरकलाय. दोन फेऱ्यांच्या मध्ये बोटांनी तो किंचित मागे सरकवून घ्यायचा.

आता तो प्रश्न जो मला सगळ्यात जास्त विचारला जातो, काल रात्री सलग दहा वेळा जमलं, आज सकाळी एकदाही नाही, असं का. ह्यात घाबरण्यासारखं काही नाही पण कारणं खरी आहेत. एक, हाताची त्वचा. थंड कोरडा हात, घामेजलेला हात, नुकतंच क्रीम लावलेला हात, ह्या तिन्हींवर पेन वेगवेगळा सरकतो, आणि नवशिक्याची पकड एकाच सरकण्यावर बसलेली असते. हात धुऊन, पुसून, जरा चोळून गरम करून मग सुरू करा, रोज तसंच करा. दोन, बसण्याची जागा बदलली. काल पलंगावर लोळत केलं, हात मांडीवर होता, आज टेबलावर कोपर टेकवलंय, म्हणजे अंगठ्याचा तिरकेपणा बदलला, आणि वर सांगितलं तसं पेन लगेच घसरायला लागतो. पहिला महिना तरी एकाच जागी एकाच पद्धतीने बसा. तीन, पेन बदलला, हे तर सांगायलाच नको. आणि चौथं कारण जरा वेगळं आहे, काल दहा वेळा जमलं ते खरं म्हणजे मनगटाने जमवलं होतं. फेरी कमी पडतेय हे हाताला कळतं आणि मग मनगट कुलपात चावी फिरवल्यासारखं वळून पेनला बोटांपर्यंत आणून देतं. थोडंसं वळणं सगळ्यांचंच होतं, पण सगळी फेरी मनगटावर चालत असेल तर ते जुगाड रोज चालत नाही. तपासायचं असेल तर मनगट टेबलाच्या कडेला टेकवा आणि दुसऱ्या हाताने हलकं दाबून धरा, आता फिरवा. जमलं तर खरं जमतंय.

प्रॅक्टिस किती करायची ह्याबद्दल माझं ठाम मत आहे, एकदम दोन तास बसू नका. दहा-बारा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. हाताचं कुठलंही कसब तुकड्या-तुकड्यांत आणि मध्ये झोप घेऊन जास्त पक्कं बसतं, वाजवायला शिकणाऱ्यांना हे माहीत असतं. दीड तासानंतर बोटं थकतात, थकलेली बोटं वाकडं काहीतरी करायला लागतात, आणि तुम्ही तेच घोटता. अंगठ्याच्या बुंध्यात दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबाच, दुखत असताना केलेली प्रॅक्टिस उपयोगाची नाही. आणि पलंगावर किंवा खाली जाड टॉवेल पसरून करा, पेन घरंगळत कपाटाखाली जाणार नाही, उचलायचा वेळ वाचतो, घरातले पण खटखट ऐकून वैतागत नाहीत. वर्गात किंवा मीटिंगमध्ये प्रॅक्टिस करू नका, समोरच्याला तो आवाज खरंच त्रास देतो.

लिहायचा पेन आणि फिरवायचा पेन वेगळा ठेवा हे पण सांगून ठेवतो. फिरवताना शाई मधून दोन्ही टोकांकडे रेटली जाते, पेन पडतो तो बऱ्याचदा निबेवर किंवा बॉलवर पडतो, मग तो लिहिताना अडकतो किंवा गळतो. पेन्सिल पडून पडून आतलं शिसं जागोजागी तुटतं, वरून काही दिसत नाही, आणि मग टोक काढायला गेलात की दर वेळी तुकडा हातात. परीक्षेच्या आदल्या दिवशी तोच पेन फिरवत बसू नका.

थंबअराउंड जरा बसल्यावर लोक फिंगरपासला जातात, त्यात पेन तर्जनीकडून करंगळीकडे बोटाबोटांतून जातो आणि परत येतो, आणि तिथली तक्रार पण ठरलेली, अनामिका आणि करंगळीच्या मध्ये पेन अडकतो. ह्याला तुमचा आळस कारण नाही. हाताच्या पाठीवर बोटं सरळ करणाऱ्या ज्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) दिसतात त्या एकमेकींना जोडलेल्या असतात, अनामिकेची तर शेजारच्या दोन्हींशी, त्यामुळे ती एकटी नीट हलत नाही. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडून घ्या आणि मग फक्त अनामिका उचलून बघा, लगेच कळेल. उपाय असा की पूर्ण फिंगरपास करतच बसू नका, फक्त शेवटचा तुकडा वेगळा काढा, मधलं बोट-अनामिका ह्यांच्या फटीतून अनामिका-करंगळीच्या फटीत आणि परत, एवढंच, सावकाश, हवं तर दुसऱ्या हाताने पेनला मदत करत. ह्यात वेग अजिबात लागत नाही, पेन मोगरीसारखा जड असल्याची कल्पना करून एक एक बोट हलवा. व्हिडिओत फटींना आकडे दिलेले असतात, अंगठा म्हणजे टी आणि मग तर्जनी १ पासून करंगळी ४ पर्यंत, तर २३ म्हणजे मधलं बोट आणि अनामिकेची फट, ३४ म्हणजे त्याच्या पुढची. एवढं माहीत असलं की कुठलाही व्हिडिओ भाषा न कळता पण समजतो.

चार्जचं एकच सांगतो, पेन २३ मध्ये धरून बोटांनी पेनची दोन्ही टोकं गोल फिरवायची असतात, आणि सगळे जण अख्खा हात ढवळल्यासारखा फिरवतात. कोपर टेकवा, पेन बोटांच्या वरच्या पेरात धरा, बुंध्याशी नाही, आणि दोन बोटं आलटून पालटून वर-खाली करा. चार्ज नीट झाला की सॉनिक अर्धा आलाच, कारण सॉनिकमध्ये पेन तसाच शंकूसारखा फिरत एका फटीतून दुसरीत जातो.

डाव्या हाताने करायचं असेल तर उजव्याचा वेग तिथे शोधू नका, परत पहिल्यापासून, तर्जनी बाजूला, पकडायचं नाही, टक् ऐकायचा. पुतणीने जाताना मला फोनवर तिचा स्लो मोशन दाखवला, उजव्या हाताची फेरी पूर्ण होती, पेन बोटांत आला होता, आणि तर्जनी आत मिटलेली होती. डाव्या हाताच्या व्हिडिओत ती परत ताठ उभी होती. तिनेच मला दाखवलं, "काका, हे बघा, इथे लागतंय."